कोरडं तोंड आणि लाळ वाढवणारी औषधं: माझा अनुभव

तोंड कोरडं पडणं म्हणजे तहान लागणं नाही, हे सगळ्यात आधी सांगते, कारण ज्याला हा त्रास नाही तो माणूस पहिलं हेच म्हणतो की अगं पाणी पीत जा ना जास्त. पाणी मी भरपूर पीत होते. घोट घेतला की जरा बरं वाटायचं आणि लगेच जीभ परत टाळूला चिकटायची, बोलताना तोंडातून चट चट आवाज यायचा, कोरडा घास तर तोंडात नुसता फिरत राहायचा आणि पाण्याशिवाय खाली उतरायचाच नाही. रात्री दोन-तीनदा जाग यायची, ओठ दातांना चिकटलेले असायचे. पदार्थांची चवही कमी लागायला लागली होती, कारण चव कळायला पदार्थ आधी लाळेत विरघळावा लागतो.

लाळेत साधारण ९९ टक्के पाणीच असतं हे खरंय, पण सगळी गंमत त्या उरलेल्या एका टक्क्यात आहे. त्यात म्युसिन नावाची बुळबुळीत प्रथिनं असतात, ती तोंडाला आतून ओलसर अस्तर देतात. बायकार्बोनेट असतं ते आम्ल मारतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात, शिवाय जंतूंना आवरणारे घटक असतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. साध्या पाण्यात यातलं काहीच नाही, उलट सतत घोट घोट पाणी पीत राहिलं तर तोंडात असलेली थोडीफार लाळही धुऊन जाते. हे मला डेंटिस्टनी सांगितलं तेव्हा कुठे कळलं की मला पाणी नको होतं, लाळ हवी होती.

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासून झाली. त्यांनी तोंड बघायच्या आधी मी घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी मागितली आणि ते किती योग्य होतं हे आता समजतं. तोंड कोरडं पडण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे औषधंच, अशी शेकडो औषधं आहेत. ॲलर्जीच्या गोळ्या, डिप्रेशनवरच्या काही गोळ्या, लघवी वारंवार होते त्यावरची औषधं, बीपीसाठी देतात त्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. माझ्याकडे दोन निघाल्या, एक जुन्या पद्धतीची ॲलर्जीची गोळी आणि दुसरी मान-खांद्याच्या जुनाट दुखण्यासाठी रात्री घ्यायची ॲमिट्रिप्टिलीन. दोन्हींचं काम असं की ॲसिटिलकोलिन नावाचा जो निरोप मज्जातंतूंकडून लाळग्रंथींना जातो तो मधेच अडतो. ॲलर्जीची गोळी बदलून नव्या पिढीतली दिली आणि ॲमिट्रिप्टिलीन हळूहळू कमी करत आणली (ही अचानक बंद करायची नसते, आपल्या मनाने तर अजिबातच नाही). थोडा फरक पडला. पण थोडाच.

मग डेंटिस्टकडे गेले कारण दातांना नवीन किडी लागल्या होत्या आणि त्याही नेहमीच्या जागी नाही, हिरडीला लागून, दाताच्या मुळाशी. त्यांनी तपासायचा छोटा आरसा गालाच्या आतून फिरवला तर तो चिकटला, ओढून काढावा लागला. त्यांनी विचारलं की डोळ्यांचं कसं आहे? मी म्हटलं डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं पण ते स्क्रीनमुळे असेल. ते म्हणाले की दोन्ही एकत्र असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला (सांध्यांच्या आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांचे डॉक्टर) दाखवायलाच हवं आणि तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली. या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, कारण कोरडं तोंड आणि कोरडे डोळे ही दोन टोकं बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कोणी जोडतच नाही.

पुढे सगळ्या टेस्ट झाल्या. डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात, ती ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर अश्रू कमी धरतात. रक्तात अँटी-रो नावाच्या अँटीबॉडी, म्हणजे स्वतःच्याच शरीरावर उलटणारी प्रथिनं, बघितली. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूने बारीक लाळग्रंथी काढून मायक्रोस्कोपखाली तपासल्या, याला लिप बायोप्सी म्हणतात, नाव ऐकून पोटात गोळा आला होता पण तेवढाच भाग बधिर करतात, नंतर थोडे दिवस ओठ सुजतो आणि जरासा बधिर वाटतो इतकंच. निदान आलं श्योग्रेन सिंड्रोम. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञाने १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींवर उलटते, आणि हा आजार बायकांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो.

पण मला ज्या टेस्टबद्दल नीट सांगायचंय ती या सगळ्यांत साधी आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. लाळ मोजणं. तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही, दात घासायचे नाहीत, मग खुर्चीत मान जराशी पुढे झुकवून शांत बसायचं आणि तोंडात जमेल ती लाळ एका मापाच्या कपात सोडत राहायची, गिळायची नाही, चावायचं नाही, बोलायचं नाही. घड्याळ लावून मिनिटाला किती मिली येते ते काढतात. नॉर्मल माणसाची काही न करता मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली येते, ०.१ किंवा त्याच्या खाली गेली की ती खूपच कमी समजतात. माझी त्या रेषेच्या खाली होती. कपाच्या तळाशी नुसता फेस दिसत होता. ते बघून वाईट वाटलं पण एक बरंही वाटलं, की हा त्रास खराच आहे, माझ्या मनाचे खेळ नाहीत.

यानंतरचा भाग महत्त्वाचा. त्यांनी मला बिनचवीच्या मेणाचा तुकडा दिला आणि तो एका लयीत चावत राहायला सांगितलं, चावता चावता परत कपात लाळ सोडायची. चावताना नॉर्मल माणसाची लाळ मिनिटाला दीड-दोन मिली होते, ०.७ च्या खाली गेली तर कमी. माझी नॉर्मल नव्हतीच पण आधीच्या मानाने चांगली वर गेली, मला स्वतःला तोंडात फरक जाणवला. माझ्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट डॉक्टर म्हणाल्या हे बघून मला आनंद झालाय, तुमच्या ग्रंथी दमल्यात पण मेल्या नाहीत, त्यांना हाक मारली तर ओ देतात. लाळ वाढवणाऱ्या सगळ्या गोष्टी, मग ते च्युइंगम असो की गोळी, याच एका गोष्टीवर उभ्या आहेत. ग्रंथीत जिवंत भाग शिल्लक असेल तरच उत्तेजनाचा उपयोग, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार. त्यामुळे एखाद्याला एखादी गोष्ट अजिबात लागू पडत नाही आणि दुसऱ्याला तीच वरदान वाटते, यात खोटं कोणीच बोलत नसतं. माझ्या बरोबर तिथे येणारे एक काका होते, त्यांना घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झालं होतं, त्यांच्या कपात चावूनही काही येत नव्हतं. त्यांना डॉक्टरांनी वेगळा रस्ता दिला, जेल आणि स्प्रेने तोंड ओलं ठेवायचा.

माझं सुरू झालं च्युइंगमपासून. बिनसाखरेचंच, हे पक्कं, कारण लाळ कमी असताना साखर तोंडात राहिली तर दातांची वाट लागते. झायलिटॉलवालं (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) जास्त चांगलं कारण किडीचे जे मुख्य जंतू आहेत त्यांना झायलिटॉलपासून आम्ल तयार करता येत नाही. च्युइंगम दोन बाजूंनी काम करतं, चव आणि चावणं. पहिल्या काही मिनिटांत चवीमुळे एकदम लाळ सुटते, मग चव संपली की ती कमी होते, पण चावणं चालू असेपर्यंत नेहमीपेक्षा जास्तच राहते, म्हणून चव गेली म्हणून लगेच फेकायचं नाही. जेवणानंतर मी पंधरा-वीस मिनिटं चावते. एक त्रास म्हणजे जबडा दुखतो, ज्यांना कानाजवळच्या सांध्याचा त्रास आहे किंवा कवळी आहे त्यांना हे जमणार नाही, त्यांनी चघळायच्या गोळ्या बघाव्यात. दुसरं म्हणजे झायलिटॉल आणि त्याच्यासारखंच सॉर्बिटॉल जास्त पोटात गेलं तर जुलाब होतात, ते मी दिवसभर चघळत राहिल्यावर समजलं आणि मग प्रमाण ठरवलं. आणि घरात कुत्रा असेल तर कृपा करून ही पाकिटं उंचावर ठेवा, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे, थोडंसं खाल्लं तरी त्यांची रक्तातली साखर धाडकन खाली येते.

आंबट गोष्टींचा विषय जरा नाजूक आहे. लाळ सुटायला आंबटासारखं दुसरं काही नाही हे कोणालाही माहीत आहे, लिंबाचं नुसतं नाव काढलं तरी गालाच्या मागे कळ येते. सायट्रिक ॲसिड हे सगळ्यात जोरदार, त्यानंतर सफरचंदात असतं ते मॅलिक ॲसिड. पण दाताचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली विरघळायला लागतं आणि मुळाचा भाग तर त्याच्याही आधी. निरोगी माणसाच्या तोंडात लाळ येऊन ते आम्ल थोड्या वेळात मारते, आपल्याकडे ती सोयच अपुरी. म्हणजे ज्या माणसाला आंबट चघळायची सगळ्यात जास्त गरज वाटते त्याच्याच दातांना त्याचा सगळ्यात जास्त धोका. डेंटिस्टनी मला लिंबाची फोड आणि आंबट गोळ्या दोन्हीला स्पष्ट नाही सांगितलं, आणि आजारी माणसांचं तोंड पुसायला लिंबू-ग्लिसरीनचे बोळे वापरतात तेही नको म्हणाले, त्याने तोंड उलट आणखी कोरडं पडतं. त्याऐवजी त्यांनी एक टक्का मॅलिक ॲसिडचा स्प्रे दिला ज्यात सोबत झायलिटॉल आणि फ्लोराईड घातलेलं असतं, दाताला त्रास कमी व्हावा म्हणून. तो मला आवडला. मीटिंगच्या आधी किंवा फोनवर बराच वेळ बोलायचं असेल तर मी तो मारते, अर्ध्या मिनिटात तोंडात ओलावा येतो. कुठलंही आंबट तोंडात गेलं की लगेच ब्रश करायचा नाही, निदान अर्धा तास थांबायचं, तोवर पाण्याने चूळ भरायची.

एवढं करून दिवस बरे जायला लागले पण जेवण आणि बोलणं अजून कष्टाचंच होतं, म्हणून डॉक्टरांनी पिलोकार्पिनचा विषय काढला. हे औषध कुठल्या लॅबमध्ये शून्यातून बनवलेलं नाही, दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानातून येतं. तिथले मूळ रहिवासी त्याचा उपयोग फार पूर्वीपासून जाणत होते. युरोपात ती पानं १८७० च्या दशकात पोचली आणि १८७५ मध्ये फ्रान्समध्ये हार्डी आणि इंग्लंडमध्ये जेरार्ड यांनी वेगवेगळं काम करून त्यातलं पिलोकार्पिन वेगळं काढलं. डोळ्यातल्या काचबिंदूसाठी थेंब म्हणून ते लगेच वापरात आलं, पण कोरड्या तोंडासाठी गोळी म्हणून अमेरिकेत मंजुरी मिळाली ती १९९४ मध्ये, रेडिएशन झालेल्यांसाठी, आणि श्योग्रेनसाठी १९९८ मध्ये. हे वाचल्यावर मला त्या पानांबद्दल खरंच कृतज्ञता वाटली.

काम कसं करतं तर मघाशी जो ॲसिटिलकोलिनचा निरोप म्हटला, त्याचीच नक्कल. ग्रंथीच्या पेशीवर मस्कॅरिनिक रिसेप्टर, म्हणजे हा निरोप घेणाऱ्या जागा, असतात, पिलोकार्पिन तिथे जाऊन बसतं आणि पेशीला वाटतं मज्जातंतूकडूनच हुकूम आला. अडचण अशी की हेच रिसेप्टर घामाच्या ग्रंथी, मूत्राशय, आतडी, श्वासनलिका, डोळ्याची बाहुली इथेही असतात आणि गोळी पोटातून सगळीकडे जाते. म्हणून सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी दमा आहे का ते विचारलं, डोळ्यांची तपासणी करून आणायला लावली (बाहुलीच्या पडद्याला सूज असेल किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर हे औषध चालत नाही) आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी बीटा ब्लॉकर घेता का तेही विचारलं. यातलं काहीही लपवू नका, खरंच.

नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा. मला पहिल्या आठवड्यात अर्ध्या डोसवर ठेवलं आणि मग वाढवलं. पहिली गोळी घेतली त्या दिवशी मी मुद्दाम घरीच थांबले. अर्ध्या तासाच्या आत जिभेखाली ओलं वाटायला लागलं, मग तासाभरात तोंडात चक्क लाळ जमली, म्हणजे गिळावी लागेल इतकी. कित्येक महिन्यांनी मी पाण्याशिवाय घास गिळला. मी ताटावर बसल्या बसल्या रडले, लपवायचं काय त्यात. आणि त्याच वेळेला कपाळावर, मानेवर, पाठीवर घाम फुटला, कान गरम झाले, मग थोडी थंडी वाजली. घाम हा याचा सगळ्यात कॉमन साइड इफेक्ट आहे, लघवीला वारंवार जावं लागतं, काहींना मळमळतं, नाक वाहतं. तीन ते पाच तास असर राहतो आणि तो उतरला की घामही उतरतो.

पूर्ण डोसवर गेल्यावर घाम इतका यायचा की बाहेर जाताना जास्तीचा शर्ट बरोबर ठेवायला लागले. तेव्हा डॉक्टरांशी बोलून वेळा बदलल्या. जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घेतली की जेवताना लाळेचा जोर असतो आणि तीच वेळ महत्त्वाची. खूप तेलकट-तुपकट जेवणाबरोबर घेतली तर ती सावकाश शोषली जाते, म्हणून मी पोट फार भरलेलं असताना घेत नाही. घामातून पाणी जातं ते भरून काढायला हवं, इथे मात्र पाणी पिणं औषधाइतकंच गरजेचं. आणि संध्याकाळच्या गोळीनंतर मी गाडी चालवत नाही, बाहुली आकसते आणि अंधारात कमी दिसतं, हे मला प्रत्यक्ष जाणवलंय.

घाई करून सोडून देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, श्योग्रेनमध्ये पूर्ण फायदा दिसायला सहा आठवडे लागू शकतात, रेडिएशनवाल्यांना बारा आठवड्यांपर्यंत. माझा असर पहिल्या दिवशी दिसला पण तो सारखा टिकायला दुसरा महिना उजाडला. दरम्यान घाम अगदीच सहन झाला नाही तर सेव्हिमेलीन नावाचं दुसरं औषध आहे असं सांगितलं होतं, त्याला अमेरिकेत २००० मध्ये मंजुरी मिळाली, ३० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ते लाळग्रंथींवरच्या रिसेप्टरना जास्त धरतं असं मानतात पण घाम त्यानेही येतो. माझ्यावर ती वेळ आली नाही, डोस दिवसाला तीन गोळ्यांवरच ठेवला आणि शरीर जरा रुळलं.

रात्रीचा प्रश्न वेगळा. झोपेत लाळ कोणाचीही जवळजवळ थांबते, तेव्हा ग्रंथींना उठवण्यात अर्थ नाही आणि रात्रभर घाम कोणाला हवाय. त्यामुळे झोपताना मी कृत्रिम लाळेचं जेल हिरड्यांवर आणि जिभेवर पातळ थर लावते, यात सेल्युलोजपासून बनवलेले चिकट पदार्थ आणि ग्लिसरीन असतं, ते लाळ वाढवत नाही, लाळेची जागा धरतं, हा फरक दुकानात बाटली घेताना बघून घ्या कारण दोन्हींवर कोरड्या तोंडासाठी असंच लिहिलेलं असतं. खोलीत हवेत ओलावा सोडणारा ह्युमिडिफायर लावते आणि नाक बंद असेल तर आधी नाक मोकळं करते, तोंडाने श्वास घेतला तर जेलही वाळून जातं.

दातांसाठी ५००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराईडची पेस्ट दिली आहे (साध्या पेस्टमध्ये १००० ते १५०० असतं), ती चिठ्ठीवर मिळते. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट असलेली पेस्ट आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद केला, दोन्हींनी तोंड चरचरायचं. मधे एकदा जीभ लाल होऊन जळजळायला लागली आणि ओठांचे कोपरे फाटले, ती बुरशी निघाली, लाळ कमी असली की ती होते, औषधाने गेली. अशी जळजळ झाली तर नुसतं कोरडेपणा वाढला समजून बसू नका, दाखवून घ्या.

परवा परत कपाची टेस्ट झाली, त्या दिवशी सकाळची गोळी न घेता बोलावलं होतं. गोळीशिवायचा आकडा आहे तिथेच आहे, वाढला नाही, घसरलाही नाही. पिलोकार्पिन ग्रंथी बरी करत नाही, जेवढी शिल्लक आहे तेवढ्या ग्रंथीकडून काम करून घेतं, एखादी गोळी चुकली तर दुपारपर्यंत जीभ सांगतेच. डॉक्टरांनी गोळी आहे तशीच चालू ठेवलीय, दर तीन महिन्यांनी डेंटिस्ट आणि वर्षाने परत कप.